दोन ‘प्रति’ आणि मेगापार्सेकसाहेब

“माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरात एक चूक दाखवा आणि माझे कान उपटा!” हे वाक्य वेलांटीकाका दिवसातून एकदा तरी म्हणत. उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावरही नजर गप्प बसायची नाही. औषधाच्या बाटलीवरचा ऱ्हस्व-दीर्घ आधी सुधारायचा आणि मग औषध घ्यायचं, असा त्यांचा खाक्या. पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी वेलांटी दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडे. छापखान्यातल्या मंडळींनी म्हणूनच त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि काका ते पदवीसारखं मिरवत.

त्यांची लेक विज्ञान संग्रहालयात नोकरीला होती. नोकरी कच्ची. ती पक्की होणार की नाही, हे तिने उभारलेल्या नव्या दालनावर ठरणार होतं. दालन कसलं, तर विश्वाच्या विस्ताराचं! विश्व फुगतंय, ते किती वेगाने फुगतंय, आणि ती अगडबंब मापं साध्या माणसाच्या डोक्यात शिरतील अशी कशी करायची, हे सगळं ती एका मोठ्या काळ्या फलकावर मांडणार होती. अक्षरं चिकटवायच्या पिवळ्या रेडियमची. मजकूर फलकवाल्याकडे जायच्या आधी तिने तो बाबांच्या हातात दिला.

“बाबा, फक्त शुद्धलेखन बघा. अर्थात हात घालू नका. बघून झालं की थेट फलकवाल्याला पाठवा. मला आज प्रोजेक्टरवाल्यांमागे धावायचंय.”

“अर्थात हात? मी? छे!” काका म्हणाले आणि त्यांनी लाल पेन उघडलं.

मजकूर बरा होता. दोन-चार अनुस्वार, एक काना. आणि मग सगळ्यात वरची, सगळ्यात मोठ्या अक्षरांतली ओळ आली : ‘विश्वाच्या विस्ताराचा वेग – सत्तर किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक.’

काका थबकले. एका ओळीत दोन ‘प्रति’! पहिला समजला. सेकंदाला सत्तर किलोमीटर, सरळ आहे. पण हा दुसरा? ‘प्रति, मेगापार्सेक’? म्हणजे हे पत्र आहे की काय? काकांनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे मेगापार्सेक म्हणजे कोणीतरी परदेशी शास्त्रज्ञ! वाक्य त्यांचं, आणि पोरीने घाईत नावाआधी चुकून ‘प्रति’ लिहिलं. काकांनी दुसरा ‘प्रति’ काढून टाकला आणि अवतरणाखाली नाव द्यायची जशी रीत असते, तसा तिथे झोकात एक डॅश मारला. ‘सत्तर किलोमीटर प्रति सेकंद — मेगापार्सेक.’ नावाआधी ‘थोर संशोधक’ घालायचाही मोह झाला होता, पण अर्थात हात घालायचा नाही म्हणून त्यांनी स्वतःला आवरलं आणि मजकुराचा फोटो काढून फलकवाल्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी लेक बसली होती, पण बसल्यासारखी बसली नव्हती. चहाचा कप उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची.

“दुपारी संचालिकाबाई दालन बघणार,” ती म्हणाली. “आई, माझ्या आधीच्या माणसाने मीटर आणि किलोमीटरची गल्लत केली होती. बाईंनी त्याला उद्‌घाटनाच्या दिवशीच घरी पाठवलं. मापात चूक झालेली त्यांना खपतच नाही.”

“तुझी नाही व्हायची,” काकूंनी समजूत घातली. त्या काकांच्या पायजम्यात नवं इलॅस्टिक ओवत होत्या. “पण मला एकदा सांग तरी, ते विश्व फुगतं म्हणजे काय होतं?”

लेकीने त्यांच्या हातातलं इलॅस्टिक ओढून घेतलं. पेनने त्यावर ओळीने खुणा केल्या. “या दीर्घिका. आपण या टोकाला. आता ताणते हं. ही जवळची खूण बघ, थोडीशीच सरकली. आणि ही लांबची?”

“अगंबाई! ती तर पार तिकडे गेली.”

“बरोबर. जितकं लांब, तितका पळण्याचा वेग जास्त. म्हणून नुसतं ‘सेकंदाला सत्तर किलोमीटर’ म्हणून चालत नाही. ‘दर मेगापार्सेक अंतरामागे’ सेकंदाला सत्तर, असं म्हणावं लागतं. म्हणून ‘प्रति’ दोनदा येतो. सगळी गंमत त्या दुसऱ्या ‘प्रति’मध्येच आहे!”

काकांच्या घशात टोस्ट अडकला. “मेगापार्सेक… अंतर आहे?”

“माप आहे बाबा, अंतराचं. साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षं आणि वर थोडंसं.”

“माणूस नाही?”

लेक हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली. “काय हो बाबा, तुम्ही पण! बरं वाटलं पण. रात्रभर डोळा नव्हता लागला माझा.” आणि पर्स उचलून ती गेलीही.

काकांचा टोस्ट तसाच राहिला. तिला तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण ते हसू त्यांना मोडवेना. काकूंना मात्र त्यांनी सगळं सांगितलं.

“एवढंच ना? एका शब्दाने असं कितीसं बिघडतंय?” काकू म्हणाल्या.

तोच विचार काकांनी केला आणि ते कागद घेऊन बसले. दुसरा ‘प्रति’ काढला, तर प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीपासून सेकंदाला सत्तर किलोमीटर पळणार. मध्ये अंतर कितीही असो!

“अगं, मी इथून ‘चहा’ म्हणेपर्यंत तू सत्तर किलोमीटरवर!”

“मग ऐकूच येणार नाही. बरं आहे की.”

“शेजारीसुद्धा सत्तर किलोमीटरवर!”

“मग राहू दे तसंच,” काकू म्हणाल्या. “बदलू नका.”

काकांना विनोद सुचण्याची वेळ नव्हती. त्यांनी लेकीचा मजकूर पुन्हा वाचला. या वेळी वेलांट्या सोडून वाचला. एका प्रकाशवर्षाचे किलोमीटर म्हणजे साडेनऊ लाख कोटी, त्यांना गुणिले आणखी साडेबत्तीस लाख. हा झाला एक मेगापार्सेक. मग वरच्या किलोमीटरने खालचा किलोमीटर कटतो आणि उरतं काय, तर शंभर कोटी वर्षांत साधारण सात टक्के वाढ. म्हणजे एक मीटर मोकळी जागा ताणली, तर दहा लाख वर्षांत ती जेमतेम केसाच्या जाडीएवढी वाढणार! पोरीने किती सोपं करून लिहिलं होतं. आणि काकांनी एका फटकाऱ्यात त्या केसाचे सेकंदाला सत्तर किलोमीटर करून ठेवले होते. त्यांच्या बनियनला घाम फुटला.

त्यांनी फलकवाल्याला फोन लावला. पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

“हॅलो! मी वेलांटीकाका! तो डॅश काढा! तिथे प्रति हवा! दोन प्रति हवेत!”

“काय? दोन प्रती?”

“हो, हो! दोन प्रति! एक सेकंदाच्या आधी—”

“एका सेकंदाच्या आधी कशा होतील काका? अर्धा तास तरी द्या!”

“अहो तसं नाही! पहिला आहे तसाच राहू दे. दुसरा मेगापार्सेकच्या आधी!”

“दुसरी मेगापार्सेकच्या आधी. बरं. कधी येणार आहेत ते?”

“कोण?”

“मेगापार्सेक.”

“अहो ते कशाला येतील? ते तिथेच आहेत!”

“आधीच येऊन बसलेत? बाप रे! मग दुसरी प्रत झाली की लगेच टेम्पो सोडतो.” आणि फोन बंद.

काकांनी परत लावला. लागेना. तिसऱ्यांदा लावला. “आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता…” त्या बाईंचं वाक्य शुद्ध होतं, हीच त्यातल्या त्यात समाधानाची बाब. काकांनी पायांत चपला सरकवल्या आणि निघाले. दारात काकूंनी विचारलं, “अहो, ते इलॅस्टिक कुठे नेताय?” तेव्हा त्यांना कळलं, की मघापासून हातात तेच आवळून धरलंय. परत फिरायला वेळ नव्हता. त्यांनी ते खिशात कोंबलं.

संग्रहालयाच्या फाटकापाशी टेम्पो उभा होता आणि टेम्पोवाला वॉचमनशी हुज्जत घालत होता.

“दोन फलक आहेत. मेगापार्सेकांची सही पाहिजे.”

“कोण मेगापार्सेक?”

“हे बघा ना, लिहिलंय.” टेम्पोवाल्याने गठ्ठ्यावरची चिठ्ठी दाखवली. ‘प्रति, मेगापार्सेक. दोन प्रती. ते वाट पाहत आहेत.’

“अहो, आज बाईंचे पाहुणे आहेत. त्यांत या नावाचं कोणी नाही. सही नाही तर माल आत नाही. आणि तुम्ही कोण?” हा शेवटचा प्रश्न धापा टाकणाऱ्या काकांना होता. “आज निमंत्रितांशिवाय आत सोडत नाही.”

काकांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. वरच्या कागदाला फट होती आणि फटीतून पिवळा धमक डॅश दिसत होता. ती फट बघून त्यांना जे सुचलं ते शहाण्या माणसाला सुचलं नसतं.

“मीच,” ते म्हणाले.

“मीच काय?”

“मीच मेगापार्सेक.”

वॉचमन एकदम ताठ झाला. “माफ करा हं साहेब! नाव मेगा आणि आडनाव पार्सेक का?”

“सगळं एकच,” काका पुटपुटले. वॉचमनने लगबगीने एक बिल्ला त्यांच्या छातीवर लावला : ‘पाहुणे – मेगापार्सेक’. ‘मे’वरची मात्रा तिरकी होती, पण आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी ती तशीच राहू दिली. सही करून ते फलकांसोबत आत वळले आणि मागे वॉचमनने कर्तव्य म्हणून संचालिकाबाईंना वर फोन लावला. “बाई, मेगापार्सेकसाहेब आलेत.”

दालनात लेकीने पहिला फलक उघडला. मग दुसरा उघडला. दोन्ही भिंतीला टेकवून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘सत्तर किलोमीटर प्रति सेकंद — मेगापार्सेक.’ आणि शेजारी पुन्हा तेच. चूक एकदा कमी वाटली असेल म्हणून की काय, दुसऱ्यांदा!

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे कोणी केलं?”

काकांना अजून पळवाट होती. फलकवाल्याचं नाव घेता आलं असतं. पण डॅशवरून फिरणारं तिचं बोट त्यांना बघवेना.

“मी केलं. मला वाटलं, मेगापार्सेक म्हणजे माणूस आहे.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच खाली बसली. “मी शाळेत निबंध लिहायचे ना बाबा, तेव्हा तुम्ही त्यातल्या चुका काढायचात. निबंधात काय लिहिलंय ते कधी विचारलं नाहीत. कालही वाटलं होतं, निदान या वेळी विचाराल.”

काका तिच्याशेजारी बसले. “आज वाचला पोरी. सकाळी. सगळा वाचला. किलोमीटरने किलोमीटर कटतो तिथपर्यंत वाचला. इतकं छान लिहिलंयस, की मला कळलं! मला! केसाच्या जाडीपर्यंत आणलंस तू ते विश्व!”

लेकीने वर पाहिलं. डोळे पुसले. आणि मग दोघांचीही नजर एकाच वेळी दुसऱ्या फलकावर गेली.

“प्रती दोन आहेत!” ती म्हणाली.

“प्रति दोन आहेत!” काका म्हणाले.

दुसऱ्या फलकावरचा ‘प्रति’ सोलायचा आणि पहिल्यावरच्या डॅशच्या जागी चिकटवायचा! काकांनी नखाने रेडियम उचकटायला सुरुवात केली. डॅश सुटला. ‘प्र’ सुटला. ‘त’ सुटला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. संचालिकाबाई ठरल्या वेळेच्या आधीच खाली येत होत्या, कारण हे मेगापार्सेक कोण आलेत ते त्यांना बघायचं होतं!

काकांचा हात हलला आणि वेलांटी फाटली. अर्धी फलकावर, अर्धी नखात.

“वेलांटी गेली!” ते किंचाळले. “दुसऱ्या कशाची तरी काढ! किलोमीटरची काढ!”

“किलोमीटरमध्ये दोन आहेत बाबा! पहिली काढू की दुसरी?”

आणि तेव्हा ज्या माणसाने उभा जन्म पहिल्या-दुसऱ्या वेलांटीसाठी छापखाना डोक्यावर घेतला होता, तो माणूस म्हणाला, “कुठलीही दे! पण लवकर दे!”

तिने दिली. त्यांनी ‘प्र’ लावला, ‘त’ लावला, वेलांटी जिथे बसली तिथे बसवली, तळहाताने घासली आणि वळून पाठीने दुसरा फलक झाकून उभे राहिले. संचालिकाबाई दारात होत्या. मागे चार-पाच पाहुणे आणि सगळ्यांत मागे कौतुकाने डोकावणारा वॉचमन.

बाईंनी चष्मा वर केला. बिल्ला वाचला. “मेगापार्सेक?”

लेकीने डोळे मिटून घेतले. काकांपुढे पेच पडला. खरं सांगावं तर पोरीची नोकरी जाते, खोटं सांगावं तर काय सांगावं?

“हो,” त्यांच्या तोंडून निघालं. “मी… मी एक माप आहे.”

कोणी हसलं नाही. काकांना वाटलं, आता आपण इथेच कोसळणार. आधाराला काहीतरी धरावं म्हणून त्यांनी खिशात हात घातला आणि हाताला इलॅस्टिक लागलं.

“म्हणजे असं बघा,” ते एका दमात बोलायला लागले. “मी खूप लांब आहे. साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांच्या वर! बाई, हे टोक जरा धरता का? धरा. आता माझ्या डोक्यापासून पायापर्यंत जी जागा आहे ना, ती दर सेकंदाला सत्तर किलोमीटर वाढते. माझ्यापुढे माझ्यासारखाच दुसरा उभा केला, तर दोघांची मिळून एकशे चाळीस. तिसरा उभा केला, तर दोनशे दहा! म्हणून ‘प्रति’ दोनदा. एक सेकंदाचा आणि एक माझा! माझा जर कोणी काढून टाकला, तर सगळं विश्व उधळलं म्हणून समजा! असं कधी करू नये हो! फार वाईट होतं!”

शेवटची वाक्यं इतकी कळवळून आली, की पाहुण्यांतल्या एका बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. इलॅस्टिक ताणलं गेलं, खुणा लांब पळाल्या, आणि “अच्छा! म्हणजे असं आहे तर!” अशी कुजबूज झाली. वॉचमन सगळ्यांना सांगत होता, “मीच आत सोडलं यांना.”

“पण मग आपण का फुगत नाही?” एका पाहुण्याने विचारलं.

हे गणित काकांनी केलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते.

“जे एकमेकांना घट्ट धरून असतं, ते फुगत नाही,” ती पुढे येत म्हणाली. “टेबल, माणूस, पृथ्वी, आपली दीर्घिकासुद्धा. ताणली जाते ती मधली मोकळी जागा.” आणि तिने बापाचा घामेजलेला हात धरला.

संचालिकाबाईंनी इलॅस्टिकचं टोक सोडलं. ते सटकन येऊन काकांच्या बोटावर बसलं. बाई चक्क हसत होत्या!

“मोजमापांना माणसाचं सोंग द्यायची कल्पना कोणाची? तुमची?” त्यांनी लेकीला विचारलं. “इतकी वर्षं मी लोकांना हा दुसरा ‘प्रति’ समजावतेय, कोणाच्या गळी उतरत नाही. उत्तम! उद्यापासून तुम्ही कायम. पत्र संध्याकाळी घेऊन जा.”

लेकीने काकांचा हात इतक्या जोरात दाबला, की त्यांची बोटं कळवळली. काकांना तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं. पण मान लगेच नेहमीसारखी ताठ झाली. आता ते ‘माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरात’ म्हणणार, एवढ्यात बाई फलकाजवळ गेल्या. अगदी नाक लागेल इतक्या जवळ.

“शास्त्र चोख आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे काय? पहिला ‘प्रति’ ऱ्हस्व आणि दुसरा दीर्घ? ‘प्रती मेगापार्सेक’? म्हणजे मेगापार्सेकच्या काय प्रती काढायच्यात आपल्याला?” त्यांनी वळून विचारलं, “याचं शुद्धलेखन कोणी तपासलं?”

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी फलकाकडे पाहिलं. किलोमीटरची दुसरी वेलांटी ‘त’च्या पुढे दिमाखात उभी होती.

काकांनी छातीवरचा बिल्ला हळूच काढला आणि खिशात, इलॅस्टिकच्या खाली, सरकवला.

“मेगापार्सेक नावाचे एक गृहस्थ होते,” ते म्हणाले. “आत्ताच गेले. आता सापडायचे नाहीत हो! फार लांब राहतात, आणि दर सेकंदाला आणखी लांब जातात!”